नजर खाली वळत नाही, आणि दोष चष्म्याचा नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील ६७ वर्षांचे, राहायला डोंबिवलीला. गेल्या दीड-दोन वर्षांत बऱ्याच वेळा पडले, तेही मागच्या मागे. कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत, पण हाताला कंप नाही आणि गोळ्यांनी फारसा फरकही नाही. जेवताना आमटी शर्टावर सांडते, जिना उतरताना पायरी चुकते, म्हणून चष्मा पुन्हा पुन्हा बदलला. नेत्रतज्ज्ञ म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. आता एका न्यूरोलॉजिस्टनी वर-खाली बोटं दाखवली आणि ‘हा साधा कंपवात वाटत नाही’ असं सांगितलं. बोटं दाखवून मेंदूचा आजार कसा कळतो, डोळ्यांच्या हालचालींवरचं संशोधन म्हणतात ते हेच का, मशीनवर तपासून घ्यावं का, आणि हे आम्हा भावंडांना होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

कळतो, आणि चांगला कळतो. त्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही. मुंबईत न्यूरोलॉजीची ओपीडी बघताना माझी इतकी वर्षं गेली, आणि पेशंट खोलीत शिरला की आजही त्याच्या चालीनंतर माझं लक्ष जातं ते डोळ्यांकडे. डोळे काय बघतात याकडे नव्हे, ते कसे हलतात याकडे.

याला कारण आहे. हात उचलायचा म्हटलं की त्यात वजन येतं, सांधे येतात, जुनं दुखणं येतं, वय येतं. डोळ्याला उचलायला काही ओझंच नाही. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, ते चालवणाऱ्या तीन नसा, आणि त्या नसांना हुकूम देणारी केंद्रं मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, ठरलेल्या जागी बसलेली. त्यामुळे हालचाल बिघडली की ती कुठे बिघडली हे बरंच नेमकं सांगता येतं. मेंदूच्या इतर फार थोड्या कामांबद्दल असं म्हणता येईल.

आता हालचालींचे प्रकार. तुमच्या वडिलांचं निदान यावरच अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तिला सॅकेड म्हणतात. हे वाक्य वाचताना तुमची नजर सलग सरकत नाही, सेकंदाला साधारण तीन अशा छोट्या उड्या मारते. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो आणि उडी बहुधा एक दशांश सेकंदाच्या आत संपते. दुसरी हालचाल पाठलागाची: हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून सावकाश सरकायचं. लोकलच्या खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे समोरून पाहा. विजेचा खांब दिसला की नजर त्याच्याबरोबर मागे सरकते आणि झटकन पुढच्या खांबावर येते, पुन्हा मागे, पुन्हा झटकन. सावकाश आणि झटपट, दोन्ही यंत्रणा तिथे एकत्र दिसतात. तिसरी हालचाल कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची. डोकं हललं तर तेवढेच डोळे उलट दिशेला फिरवून समोरचं चित्र स्थिर ठेवायचं हे तिचं काम. ही प्रतिक्रिया सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात सुरू होते; मोठ्या मेंदूला विचारायला ती थांबत नाही.

डेव्हिड रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १९६३ मध्ये डोळ्यावर तारेचं बारीक वेटोळं बसवून, चुंबकीय क्षेत्रात डोळ्याची हालचाल अत्यंत अचूक मोजायची पद्धत काढली. तिच्या आधाराने पुढच्या काही दशकांत माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं काम नोंदलं गेलं. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. डावी-उजवी उडी मारायचा हुकूम देणाऱ्या पेशी ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये आहेत; वर-खाली उडीच्या पेशी त्याच्या वर, मिडब्रेनमध्ये आहेत. या पेशी कमी झाल्या की उडीचा वेग मंदावतो. उडी किती लांब पडावी आणि कधी सुटावी हे मात्र वेगळीकडे ठरतं. लांबी अचूक ठेवायचं काम लहान मेंदूचं. उडी सोडायची की धरून ठेवायची हे मेंदूच्या खोल भागातल्या गाठी, बेसल गँग्लिया, ठरवतात. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं त्यांचं काम: गेट एरवी बंदच, योग्य माणूस आला की क्षणभर उघडायचं. १९८३ मध्ये हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी माकडांमध्ये हे दाखवून दिलं की याच गाठींपैकी सबस्टँशिया नायग्रा नावाच्या गाठीच्या एका भागातल्या पेशी नजरेच्या केंद्राला सतत दाबून धरतात आणि उडीच्या ऐन वेळी तेवढ्या थांबतात.

आता साध्या कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हे गेट नीट उघडत नाही. नजरेची उडी अपुरी पडते, दोन-तीन टप्प्यांत पूर्ण होते. पण जेवढी उडी होते तिचा वेग ठीक असतो. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, ज्याला आम्ही पीएसपी म्हणतो, त्यात मिडब्रेनमधली ती वर-खाली उडीची यंत्रणाच झिजते. तिथे उडी नुसती तोकडी नसते, ती मंद असते. डोळा वरून खाली जाताना तुम्हाला चक्क दिसतो. निरोगी माणसाचा डोळा मधल्या वाटेवर दिसतच नाही, तो निघालेला आणि पोचलेला एवढंच कळतं. तोकडी की मंद, हा फरक त्या डॉक्टरांनी शोधला. म्हणूनच त्यांनी एक बोट फिरवून ‘याच्याकडे बघत राहा’ एवढंच म्हटलं नसणार, दोन बोटं धरून ‘आता वर, आता खाली’ अशा उड्या मारायला लावल्या असणार. सावकाश पाठलाग सुरुवातीच्या काळात बरा असू शकतो, आणि नुसता तोच तपासला तर आजार हातातून निसटतो. ओपीडीच्या गर्दीत हे घडतं, याचं मला वाईट वाटतं, कारण ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला एक पैसा पडत नाही. मी खणात शिंप्याची मापाची टेप ठेवते. ती डोळ्यांसमोरून वरून खाली ओढली की खांबांसारखीच त्यावरच्या आकड्यांमागे नजर सरकायला आणि झटकन परत यायला हवी. पीएसपीत ते झटकन परत येणं हरवतं.

तुमच्या नेत्रतज्ज्ञांचंही चुकलेलं नाही. वडिलांना खाली बघा म्हटलं तर जमत नाही. पण त्यांना समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवायला सांगून डॉक्टरांनी हळूच त्यांची मान मागे झुकवली, तर तेच डोळे खाली जातात. म्हणजे स्नायू शाबूत, नस शाबूत, डोळा शाबूत. हुकूम वरून येत नाही, एवढंच. आजाराच्या नावातला ‘सुप्रान्यूक्लियर’, म्हणजे नसांच्या केंद्रांच्या वरचा, हा शब्द तेच सांगतो. असा डोळा कितीही नंबर बदलला तरी ताटाकडे वळणार नाही. एक सावधगिरी: म्हातारपणी वरची नजर बऱ्याच निरोगी माणसांचीही कमी होते. त्यामुळे नुसतं वर बघता येत नाही यावरून घाबरू नये. खालची नजर आणि उडीचा वेग, हे महत्त्वाचं.

पीएसपीचं वर्णन टोरोंटोमध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ मध्ये केलं. मेंदूच्या पेशींत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं आणि ब्रेनस्टेमसह काही ठरावीक भाग झिजतात. पहिल्या तीन वर्षांच्या आतच तोल जाऊन पडणं, कंप जवळपास नसणं, मानेचा ताठरपणा, लेव्होडोपा या कंपवाताच्या औषधाला कमी प्रतिसाद आणि वर-खाली नजरेची मंदी असं चित्र जुळलं की शंका पक्की होत जाते. २०१७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत नुसत्या मंद उड्यांनाही स्थान दिलं आहे, नजर पूर्ण अडकेपर्यंत थांबावं लागत नाही. एमआरआयमध्ये मिडब्रेन बारीक दिसतो, पण सुरुवातीला तो तसा दिसेलच असं नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं या दिशेचं आहे. तरी न तपासता आजाराला नाव देणं योग्य नाही, ते तपासणाऱ्यांचं काम.

डोळ्यांच्या हालचालींवरच्या संशोधनाबद्दल विचारलंत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती आपल्या मुंबईतली आहे आणि ती सांगितली जात नाही. डॉ. नोशिर वाडिया हे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधले, पुढे जसलोकमधले न्यूरोलॉजिस्ट. १९७१ मध्ये त्यांनी आणि आर. के. स्वामी यांनी ‘ब्रेन’ या इंग्लंडच्या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास छापला. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा, लहान मेंदू झिजवणारा आजार: चाल लटपटते, बोलणं अडखळतं. असे आजार आधीही माहीत होते. वाडियांनी वेगळं काय पाहिलं, तर या कुटुंबांतल्या रुग्णांचे डोळे सावकाश हलत होते. बाजूला बघताना नजर उडी मारत नव्हती, ओढत नेल्यासारखी जात होती. हे इतर लटपटीच्या आजारांसारखं नाही, हा वेगळा आजार आहे, असं त्यांनी ठामपणे मांडलं. ते वर्ष लक्षात घ्या. जगात पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन लंडनमध्ये झाला तो त्याच वर्षी, ऑक्टोबर १९७१ मध्ये. एमआरआय नव्हता, जनुकांच्या चाचण्या नव्हत्या. समोर बसलेला माणूस होता आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायची शिस्त होती.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, वाडियांनी पाहिलेला लटपटीचा आजार तो हाच) या आजाराचा दोष बाराव्या गुणसूत्रावर शोधून काढला. डीएनएमधली तीन अक्षरांची एक जोडणी पुन्हा पुन्हा लिहिली जाते आणि ठरावीक संख्येच्या पुढे गेली की आजार होतो. वाडियांनी सहा भारतीय घराण्यांत ही तपासणी करून १९९८ मध्ये पुन्हा ‘ब्रेन’मध्येच लिहिलं, आणि निदानात त्या सावकाश नजरेचं मोल किती आहे तेच पुन्हा दाखवलं. आनुवंशिक अटॅक्सियांमध्ये एससीए-२ भारतात जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. नजरेची मंदी एससीए-१ किंवा एससीए-३ मध्येही कधी दिसते, तरी इतक्या लवकर आणि इतकी ठळक ती बहुधा एससीए-२ मध्ये. कारण तिथे झिजतात त्या पॉन्समधल्या, डाव्या-उजव्या उडीच्या पेशी. पीएसपीत वर-खाली आधी जातं, एससीए-२ मध्ये डावं-उजवं. दोन आजार, दोन जागा, एकमेकांपासून जेमतेम बोटभर अंतरावर, आणि फरक कळतो तो बोटांच्या इशाऱ्यावर. हे काम बॉम्बेच्या वॉर्डात झालं याचा मला अभिमान आहे, आणि निवासी डॉक्टरांना मी ते दरवर्षी सांगते.

मशीनचं विचारलंत. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने सेकंदाला शेकडो वेळा बुबुळाची जागा टिपणारी यंत्रं आता आहेत, डोळ्यात काही बसवावं लागत नाही. संशोधनात त्यांचा उपयोग मोठा आहे. ‘ठिपका उजवीकडे उमटला तर डावीकडे बघा’ अशी एक चाचणी १९७८ मध्ये हॅलेट यांनी सुरू केली. मोह आवरून उलट बघायला मेंदूचा पुढचा भाग लागतो. अल्झायमर, पार्किन्सन, पीएसपी, हंटिंग्टन, सगळ्यांत या चाचणीत चुका वाढतात. नेमकी अडचणही तीच. सगळ्यांतच वाढतात, आणि रात्री झोप न झालेल्या, घाबरलेल्या, लक्ष नसलेल्या माणसाच्याही वाढतात. क्लोनाझेपामसारखी झोपेची-चिंतेची गोळी सुरू असेल तर उडीचा वेगच कमी होतो. शंभर रुग्णांची सरासरी शंभर निरोगी लोकांपेक्षा वेगळी निघणं एक, आणि तुमच्या वडिलांबद्दल खात्रीने सांगणं वेगळं. तेव्हा ‘डोळ्यांच्या स्कॅनवरून दहा मिनिटांत स्मृतिभ्रंश ओळखा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. पीएसपीसाठी मशीनची नोंद उपयोगी पडते ती डॉक्टरांना मंदी आहे की नाही अशी शंका असेल तेव्हा, आणि आजार किती वेगाने सरकतोय ते पाहायला. तुमच्याकडे त्यापेक्षा हाताशी असलेलं साधन म्हणजे मोबाइल. दिवसाउजेडी खिडकीजवळ वडिलांना बसवा, चष्मा काढा, मान स्थिर ठेवायला सांगा. कुणीतरी एक अंगठा कपाळाच्या वर, एक छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरावा. ‘वर’, ‘खाली’ म्हणावं. मग तसंच डावीकडे, उजवीकडे. स्लो मोशनमध्ये फक्त डोळ्यांचं चित्रण करा. असा व्हिडिओ पेशंटच्या मुलांनी दाखवला की माझं अर्धं काम होतं. मान झटकून बघण्याच्या चाचण्या मात्र घरी अजिबात करू नका.

त्या मान झटकण्याबद्दल थोडं, कारण त्यावर जीव वाचतात. अचानक घर गरगरायला लागलं, उलट्या, तोल जातोय, तासन्‌तास थांबत नाही आणि डोळे आपोआप एका बाजूला थरथरताहेत: हा कानाचा आजार की लहान मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक? १९८८ मध्ये हलमागी आणि कर्थॉइज यांनी दाखवलं की माणसाला समोर बघायला सांगून त्याची मान झटकन थोडी वळवली, की कानाची नस आजारी असेल तर नजर सुटते आणि मागाहून उडी मारून जागेवर येते. म्हणजे या चाचणीत दोष दिसला तर बहुधा कान, आणि गरगरत असूनही चाचणी अगदी व्यवस्थित आली तर काळजी, कारण मग दोष आत मेंदूत असू शकतो. २००९ मध्ये काटा आणि सहकाऱ्यांनी त्याला आणखी दोन निरीक्षणं जोडली: नजरेच्या दिशेबरोबर थरथरीची दिशा बदलते का, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर-खाली झाला आहे का. सरावलेल्या हातांनी केलेली ही तपासणी पहिल्या दोन दिवसांत एमआरआयपेक्षाही सरस ठरली. त्या अभ्यासात झटका आलेल्या काहींचा सुरुवातीचा एमआरआय स्वच्छ आला होता. पण ‘सरावलेल्या’ हा शब्द सोडू नका. आणि हे फक्त चक्कर चालू असताना. कूस बदलली की अर्धा मिनिट गरगरून थांबणाऱ्या चकरेला ही चाचणी लागू नाही, तो कानातल्या कणांचा त्रास असतो आणि मान ठरावीक पद्धतीने फिरवून बरा होतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून अशा वेळी ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ म्हणू नये.

नजरेच्या बाकीच्या बिघाडांवर इथे लिहीत बसत नाही. एवढंच: दारूचं व्यसन असलेल्या माणसाचे किंवा गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईचे डोळे थरथरायला लागले, एकाचे दोन दिसायला लागले, तर थायमिनचं इंजेक्शन त्याच दिवशी मिळालं पाहिजे, ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. आणि फिट्सच्या फेनिटॉइनवर असलेला माणूस झोकांड्या खात असेल, बाजूला बघताना डोळे थरथरत असतील, तर रक्तातलं औषध वाढलं आहे का ते आधी तपासावं.

आता वडिलांचं. चक्कर किंवा तोल जातो म्हणून प्रोक्लोरपेरझिन, सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन महिनोन्‌महिने चालू असेल तर सगळ्या चिठ्ठ्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. या गोळ्या स्वतःच कंपवातासारखा ताठरपणा आणू शकतात, आणि आपल्याकडे त्या वर्षानुवर्षं कुणी बंद करत नाही. लेव्होडोपा मनानं थांबवू नका. पुरेशा मात्रेत पुरेसे दिवस दिल्यावरच उपयोग नाही असं म्हणता येतं. तुम्हा भावंडांबद्दल: पीएसपी बहुतांश घरांत आनुवंशिक नसतो. फक्त आजी-आजोबा, आत्या, काका यांपैकी कुणाची चाल तरुणपणी किंवा मध्यमवयात लटपटायला लागली होती का, बोलणं जड झालं होतं का, ते विचारून घ्या. तसं असेल तर मात्र एससीएचा विचार करावा लागतो, तिथे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते, आणि धडधाकट माणसाने जनुकाची चाचणी करण्याआधी समुपदेशन घेतलंच पाहिजे. लहान मुलांची ती करू नये.

पीएसपीला थांबवणारं औषध आज नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण रोजच्या पुष्कळ गोष्टी हातात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच नजरेशी जोडलेल्या आहेत. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा काढून टाका: त्यातला वाचायचा भाग खाली असतो आणि त्यांची नजर तिथे पोचतच नाही. लांबचा एक आणि वाचायचा एक असे दोन वेगळे चष्मे द्या. ताट टेबलावर उंच ठेवा, एखाद्या पाटावर किंवा डब्यावर, म्हणजे वरण दिसेल. घरातल्या पायपुसण्या, सतरंज्या उचला. बाथरूममध्ये दांड्या बसवा. स्टेशनच्या पुलावरून उतरताना त्यांना कठड्याला धरू द्या आणि तुम्ही एक पायरी खाली, पुढे राहा. सपाटीवर चालताना मात्र किंचित मागे आणि बाजूला, कारण ते मागे पडतात. फिजिओथेरपी तोल सांभाळायची हवी, नुसती सायकल आणि गरम शेक नको. जेवताना किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे याच आठवड्यात न्या. केईएम, नायर, जे. जे. अशा मोठ्या रुग्णालयांत न्यूरोलॉजीच्या ओपीडी आहेत. खाजगी खर्च झेपत नसेल तर तिथे जायला संकोच करू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका आहे, त्यामुळे ठसक्याचं काम पुढच्या फॉलोअपपर्यंत ठेवू नका.